बोरांचा फोटो: काय ठेवावं, काय कातरावं?

मैत्रिणींनो, संक्रांत जवळ आली की बाजारात बोरांचे ढीग लागतात. कुणाकडे बाळाचं बोरन्हाण असतं, कुणाला सुगडात घालायला बोरं, ऊस, हरभरा हवा असतो. अशा दिवसांत बोरांनी लगडलेली फांदी दिसली की मोबाइल आपोआप हातात येतो. पण घरी येऊन फोटो पाहावा तर काय? बोरं कुठेतरी कोपऱ्यात, आणि फोटोभर कुंपणाची तार, वाळत घातलेले कपडे नि विजेचा खांब! हिरमुसू नका. तांदूळ निवडतो तसा फोटोही निवडता येतो.

आधी फोटो काढतानाच थोडी काळजी घ्या. थंडीतलं सकाळचं ऊन, साधारण साडेसात ते नऊचं, कोवळं नि तिरपं असतं. त्यात बोराचा पिवळा-तांबूस रंग खुलतो. भर दुपारी तुकतुकीत सालीवर पांढरे ठिपके चमकतात, आणि बोरीच्या पानाची मागची बाजू मुळातच पांढुरकी, तीही डोळ्यांवर येते. फांदीपासून वीतभर अंतर ठेवा. अगदी नाक लावलंत तर फोटो धूसर येईल. पडद्यावर पिकल्या बोरावर बोट टेकवा, म्हणजे तेच स्पष्ट होईल. आणि हो, काट्यांना जपा. बोरीचे काटे बहुधा जोडीने असतात, एक सरळ, एक वाकडा. तो वाकडा पदर सोडत नाही!

आता कातरण्याकडे वळू, ज्याला मुलं ‘क्रॉप’ म्हणतात. मोबाइलमध्ये तसं करताना फोटोवर दोन उभ्या, दोन आडव्या रेघा दिसतात. त्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथे सर्वांत सुरेख बोर आणून बघा. अगदी मधोमध ठेवल्यापेक्षा ते जास्त शोभतं. या तिहाईच्या नियमाला नाव दिलं ते जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने, १७९७ साली. नियम जुना आहे, पण मोडला तर दंड नाही! फांदी ज्या दिशेला झुकली असेल, तिकडे थोडी जागा मोकळी सोडा. कडेचं बोर अर्धं कापलं जात असेल, तर एक तर पूर्ण आत घ्या, नाहीतर पूर्ण वगळा. घोसाला चौकोन बरा दिसतो, लोंबत्या फांदीला उभा आकार.

कातरायचं तरी किती? १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे सुमारे ४००० गुणिले ३००० ठिपके. लांबी-रुंदी निम्मी केलीत तर २००० गुणिले १५०० उरतात, म्हणजे चौथा हिस्सा. सहा बाय चार इंचांचा फोटो नीट छापायला १८०० गुणिले १२०० ठिपके पुरतात. तेव्हा निम्म्यापर्यंत बिनधास्त कातरा. त्यापुढे छापलेला फोटो फिका, फुटका दिसू लागतो.

अल्बममधल्या जुन्या फोटोंसाठी एक सोपी युक्ती. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे काटकोनी दोन तुकडे कापा. ते समोरासमोर फोटोवर ठेवून पुढे-मागे सरकवा. चौकट लहानमोठी होईल, आणि फोटोला कात्री न लावता कळेल की नेमकं काय छान दिसतंय.

हे सगळं मी हौसेने शिकले, आणि त्या भरात एक चूक करून बसले. आमच्या परसात विहिरीजवळ बोर होती. एका सकाळी सासूबाई आकडीने फांदी वाकवून धरत होत्या आणि मी फोटो काढत होते. नंतर बसून मी तो छान कातरला. विहिरीचा कठडा गेला, दोरी गेली, आकडी धरलेला त्यांचा हातही गेला. उरली नुसती बोरं, रसरशीत. मोबाइलमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ फोटो पुसून टाकला.

पुढच्या वर्षी खोली वाढवायची म्हणून आम्हीच ती बोर तोडली. संक्रांतीला सासूबाईंना तो फोटो दाखवला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिला नि म्हणाल्या, “बोरं झकास आली आहेत गं. पण ही बाजारातल्या टोपलीतलीसुद्धा असतील. आपली बोर कुठाय यात?”

मला उत्तर सुचलं नाही. मी ज्याला पसारा समजले, तेच त्यांचं झाड होतं.

म्हणून मैत्रिणींनो, कातर लावण्यापूर्वी स्वतःला विचारा, हा फोटो कशासाठी? भिंतीवर लावायला असेल तर खुशाल बोरंच ठेवा. आठवणीसाठी असेल तर कठडा, दोरी, हात, सगळं राहू द्या. आणि काहीही करा, कातरलेला फोटो वेगळी प्रत म्हणून ठेवा; मूळचा पुसू नका. जागा कमी पडली तर तो संगणकावर उतरवून घ्या.

यंदा एकाच फांदीचे दोन फोटो ठेवून बघा, एक कातरलेला, एक तसाच. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांना कुठला आवडतो ते!