चांदीच्या चमच्याला विष कळत नाही

पाऊस स्थिरावला की कोकणात अळंबीची, गोव्यात ओळम्यांची आणि विदर्भात सात्यांची वाट पाहिली जाते. त्याच सुमारास विषारी अळंबी ओळखायचे जुने उपायही पुन्हा फिरू लागतात: भाजीत चांदीचा चमचा किंवा लसूण टाका, काळा पडला तर विष, किड्यांनी खाल्लेली असेल तर बिनधास्त खा. यातला एकही उपाय खरा नाही. जगभर सर्वाधिक बळी घेणाऱ्या ‘अमॅनिटा’ कुळातल्या काही अळंब्यांमधल्या अमाटॉक्सिनने चांदी काळवंडत नाही, शिजवून वा वाळवून ते नाहीसे होत नाही, आणि गोगलगाई त्या अळंब्या खुशाल खातात. चवीवरही जाऊ नये. विषबाधेतून वाचलेल्या कित्येकांनी ती अळंबी रुचकर होती असेच सांगितले आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आमचे आजे-पणजे रानातली अळंबी खातच आले, त्यांना कुठे काय झाले? खात आले हे खरे, पण ते चमच्याच्या भरवशावर नव्हे. जाणती माणसे सरसकट ‘अळंबी’ ओळखत नाहीत. त्यांना दोन-चार जाती, त्यांची वारुळे आणि उगवायचे दिवस पक्के ठाऊक असतात. वारुळावरच्या अळंबीचा देठ मुळासारखा खोल, थेट वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो. अमॅनिटाच्या देठाच्या बुडाशी पेल्यासारखी पिशवी असते, तीही बहुधा मातीत दडलेली. वरूनच खुडले तर नेमकी ही खूण जमिनीत राहते. म्हणून अनोळखी अळंबी तपासायची तर ती बुडासकट उकरून काढावी लागते. जाणत्याकडून ही एकेक जात शिकायला अनेक पावसाळे लागतात, आणि ते ज्ञान एका रानातून दुसऱ्या रानात जसेच्या तसे नेता येत नाही. 2022च्या एप्रिलमध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन 13 जण दगावले, त्यांत बरेचसे चहामळ्यांत राबणाऱ्या कुटुंबांतले होते. हौस म्हणून शहरातून रानात गेलेली ही माणसे नव्हती.

मग मोबाइलमधले अ‍ॅप? ऑस्ट्रेलियात 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन अ‍ॅप तपासली गेली. त्यांतल्या सर्वोत्तम अ‍ॅपलाही निम्मे नमुनेसुद्धा नीट ओळखता आले नाहीत. फोटोत मातीखालची पिशवी दिसत नाही, बीजाणूंचा रंगही नाही. हिरवळीवर उगवणारी, हिरवट बीजाणूंची क्लोरोफायलम कोवळी असताना खालून पांढरीच दिसते, आणि ओकाऱ्या-जुलाबांनी माणसाला आडवे करते.

अमाटॉक्सिनचा त्रास मात्र बहुधा सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो. मग उलट्या थांबतात, बरे वाटू लागते, आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असते. तेव्हा शंका आली तर उतार पडायची वाट पाहू नका. उरलेली अळंबी कागदात गुंडाळून सोबत घ्या आणि थेट मोठे रुग्णालय गाठा.