आरसी विमानाची बॅटरी पेटेल का, हा अर्धाच प्रश्न आहे

मार्च 2022 मध्ये पुण्यातल्या लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, तो व्हिडीओ तुम्हीही पाहिला असेल. तेव्हापासून लिथियम म्हटलं की लोकांना धूरच दिसतो. रिमोटवर विमानं उडवणारेही आता पहिलं हेच विचारतात, की रिसिव्हरची बॅटरी पेटणार तर नाही ना?

भीती खरी आहे, पण बॅटरी न पेटताही विमान पडतं.

रिसिव्हर म्हणजे विमानाचा कान, आणि सर्व्हो म्हणजे पंखांच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटर. पेट्रोल इंजिनाच्या विमानात या दोघांना वेगळी बॅटरी लागते. जोराचं वळण घेताना सगळे सर्व्हो एकदम करंट ओढतात आणि बॅटरी कमजोर असेल तर व्होल्टेज बसतं. आजच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या रिसिव्हरमध्ये प्रोसेसर असतो. साधारण साडेतीन व्होल्टच्या खाली गेलं की तो मोबाईलसारखा रीस्टार्ट होतो. विमान ताशी 80 किलोमीटरवर असेल, तर एका सेकंदात 22 मीटर पुढे जातं. तेवढा वेळ इंजिन चालू असतं, पण विमान कोणाचंच ऐकत नाही. खाली माणसं उभी असतात, हे विसरू नका.

मग लावायचं काय?

चार सेलचा निकेल मेटल हायड्राइड पॅक 4.8 व्होल्ट देतो. लहान विमान आणि साधे सर्व्हो असतील तर तो चालतो, पण पाच सेलचा 6 व्होल्टचा पॅक बरा. मात्र हे सेल पडून पडून उतरतात, त्यामुळे आदल्या रात्री चार्ज करा. आणि स्प्रिंगचा सेल होल्डर नकोच. इंजिनाच्या थरथरीने सेल क्षणभर सुटला तरी खेळ संपला.

दोन सेलची लिपो फुल चार्जला 8.4 व्होल्टवर जाते. 6 व्होल्टचे जुने सर्व्हो तिने जळू शकतात, म्हणून रेग्युलेटर लागतो. आपटून फुगलेली लिपो मात्र खरंच पेटू शकते.

माझं मत लाईफला, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटला. हीच केमिस्ट्री आता इलेक्ट्रिक गाड्यांतही दिसते. 2019 चं नोबेल मिळालेल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत 1990 च्या दशकात ती पुढे आली. ती सहजासहजी पेटत नाही. दोन सेल मिळून 6.6 व्होल्ट मिळतात, अनेक सर्व्होंना ते थेट चालतात. तरी सर्व्होचा कागद वाचाच, कारण चार्जरवरून काढल्या काढल्या आकडा 7.2 असतो.

तिची एक खोड आहे. शेवटपर्यंत व्होल्टेज जवळपास तेवढंच दिसतं आणि मग एकदम कोसळतं. म्हणून मीटर बघून अंदाज बांधू नका. उड्डाणानंतर चार्जरने किती एमएएच परत भरले, ते वहीत लिहा. चार्जरवर मोडही लाईफचाच हवा. लिपोचा मोड सेलला 4.2 व्होल्टपर्यंत नेतो, लाईफची मर्यादा 3.6 आहे.

आणि एवढं करून स्विच स्वस्तातला लावला तर? मोठ्या विमानात दोन पॅक आणि दोन स्विच ठेवा. उडवण्याआधी जमिनीवर दोन्ही स्टिक एकदम गरगर फिरवा. टेलिमेट्री असेल तर सर्वांत कमी व्होल्टेज किती नोंदलं ते बघा. 4.5 च्या खाली गेलं असेल, तर त्या दिवशी विमान गाडीतच राहू द्या.