पॉइंट्स कुणी केले ते कळलं, मॅच कुणी जिंकली?

मॅच संपली की हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कुणी किती पॉइंट्स केले?" दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही! ज्याचे पॉइंट्स जास्त तो हिरो, बाकीचे चौघं फक्त घाम गाळायला. माझं स्पष्ट मत आहे की बास्केटबॉल खेळणाऱ्याची किंमत ठरवायची ही सगळ्यात आळशी पद्धत आहे. आपण इंजिनिअरिंगवाले, निदान आपण तरी आकडे नीट वाचायला नकोत का?

एनबीएचंच बघा. २०००-०१ च्या सीझनमध्ये फिलाडेल्फियाच्या ॲलन आयव्हर्सनने मॅचमागे सरासरी ३१.१ पॉइंट्स केले. लीगमध्ये पहिला नंबर आणि एमव्हीपीचा मान. पण त्यासाठी तो मॅचमागे पंचवीसच्या वर शॉट्स घेत होता आणि शंभरातले ४२ च बास्केटमध्ये पडत होते. शॉट फुकट नसतो. तो चुकला आणि बॉल समोरच्यांच्या हातात गेला, की टीमची एक संधी संपली. डेव्हिड बेरी आणि त्याच्या दोन अर्थशास्त्रज्ञ साथीदारांनी २००६ साली 'द वेजेस ऑफ विन्स' या पुस्तकात हाच हिशोब मांडला आणि आयव्हर्सनच्या फॅन्सचा रोष ओढवून घेतला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : कमाई मोजता, मग खर्चही मोजा.

आता उलटं उदाहरण. १९९५-९६ मध्ये शिकागो बुल्सने ८२ पैकी ७२ मॅचेस जिंकल्या. त्या टीममधल्या डेनिस रॉडमनची सरासरी होती फक्त ५.५ पॉइंट्स! पण रिबाउंड्स १४.९. म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर बॉल आपल्याकडे आणायचं काम तो मॅचमागे पंधरा वेळा करत होता. पॉइंट्सच्या यादीत त्याला शोधायला गेलात तर पार तळाशी सापडेल.

तुम्ही म्हणाल, मग रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक सगळं मोजा, झालं काम! पण इथेच खरी मेख आहे. स्कोअरशीटमध्ये जो रकाना नाही, ते काम कागदावर घडतच नाही. बिल रसेलने बॉस्टनकडून १३ सीझनमध्ये ११ वेळा चॅम्पियनशिप जिंकली. शॉट ब्लॉक करण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे. आणि त्याच्या नावावर अधिकृत ब्लॉक किती? एकही नाही! कारण एनबीएने ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४ मध्ये, आणि हा १९६९ लाच रिटायर झाला.

यावर एक साधा उपाय म्हणजे प्लस-मायनस. खेळाडू कोर्टवर असताना आपली टीम समोरच्यांपेक्षा किती पॉइंट्सनी पुढे गेली किंवा मागे पडली, एवढंच मोजायचं. ह्यूस्टनचा शेन बॅटिए यातूनच प्रसिद्ध झाला. २००९ मध्ये मायकेल लुईसने त्याच्यावर मोठा लेख लिहिला. सरासरी दहा पॉइंट्सच्याही खाली, रिबाउंड्स बेताचे, पण तो आत आला की टीम सुधारायची. कोबी ब्रायंटला गार्ड करताना तो ब्लॉकच्या मागे लागत नसे. कोबीला अवघड जागेवरून शॉट घ्यायला लावायचा आणि डोळ्यांसमोर हात धरायचा. त्याला रकाना कुठला?

अर्थात प्लस-मायनसही भोळं आहे. चार उत्तम खेळाडूंबरोबर खेळलात तर त्यांचं पुण्य तुमच्या खात्यात जमा! म्हणून पुढची पायरी. कोर्टवरचे दहा जण न बदलता जेवढा वेळ खेळ चालतो, तेवढ्याचं एक समीकरण मांडायचं. आपले पाच प्लस वन, समोरचे पाच मायनस वन, उजव्या बाजूला पॉइंट्सचा फरक. अशी हजारो समीकरणं, प्रत्येक खेळाडू एक अज्ञात, आणि मग लीस्ट स्क्वेअर्स. डॅन रोझेनबॉमने २००४ मध्ये हे सविस्तर करून दाखवलं. एम-थ्रीच्या पेपरला रडणाऱ्यांनो, मॅट्रिक्स इथे कामाला येतं! पण दोघं कायम एकत्रच खेळत असतील तर श्रेय कुणाचं किती, ते गणिताला वेगळं करता येत नाही. उत्तरं वेडीवाकडी येतात. रिज रिग्रेशनने ती बऱ्यापैकी सावरतात, तरी खात्री नसतेच.

मग काय, आकडे सोडून पुन्हा 'नजरेवर' जायचं? अजिबात नाही. नजर तर बॉलच्याच मागे पळते. माझा मुद्दा एवढाच की एका आकड्याला निकाल समजू नका, त्याला प्रश्न विचारायला वापरा. 'हा आत आला की टीम का सुधारते?' हा प्रश्न आकड्याने विचारायचा, उत्तर मॅच बघून शोधायचं. एनबीएनेही पुढे तेच केलं. २०१६ पासून बॉलला लागलेला हात, सुटा बॉल पकडणं, सहकाऱ्याला मोकळं करणारा स्क्रीन हेही मोजून जाहीर करायला लागले. बॅटिएसारख्यांचे रकाने असे उशिरा का होईना, उघडले.

कॉलेज टीमच्या सिलेक्शनमध्ये गळतो तो नेमका असाच मुलगा. स्क्रीन लावणारा, बॉक्स आऊट करणारा, समोरच्या हिरोला दमवणारा. त्याला कारण विचारायचीही सोय नसते, कारण दाखवायला त्याच्याकडे आकडाच नाही. यंदाच्या इंटर-हॉस्टेल मॅचेसना प्रत्येक हॉस्टेलने एक वही आणि एक पेन घेऊन एक जण बेंचवर बसवावा. कोण कधी आत गेला, कधी बाहेर आला, तेव्हा स्कोअर काय होता, एवढंच लिहायचं. आठ-दहा मॅचेसमधून कुठलाही सिद्धांत निघणार नाही, हे मान्य. पण सिलेक्शनच्या दिवशी ती वही टेबलावर असेल, आणि "कुणी किती केले?" नंतर दुसरा प्रश्न तरी विचारला जाईल.