निष्ठेचा हिशेब

ताकेशी कितानो या जपानी दिग्दर्शकाचा ‘सोनातिन’ हा चित्रपट १९९३ साली आला. टोळीयुद्धाचा थरार अपेक्षिणाऱ्या प्रेक्षकाची त्याने प्रथम निराशाच होते. बंदुका आहेत, प्रेते आहेत. परंतु बराच काळ काहीच घडत नाही. ओकिनावाच्या समुद्रकिनारी काही गुंड लपून बसले आहेत. वाळूत खड्डे खणून ते एकमेकांना पाडतात, कागदी पैलवानांच्या कुस्त्या लावतात. चित्रपटाचे खरे म्हणणे या रिकामपणातच आहे.

कथा साधी आहे. मुराकावा हा तोक्योतील टोळीचा मधल्या फळीतील म्होरक्या. ओकिनावातील दोन टोळ्यांचा तंटा मिटविण्यासाठी वरिष्ठ त्याला तेथे धाडतो. साथीदार एकामागून एक मारले जातात, तेव्हा उलगडा होतो की, तंटा हे निमित्त होते. मुराकावाच्या ताब्यातील इलाखा चांगले उत्पन्न देऊ लागला होता आणि तो वरिष्ठाला हवा होता.

जपानी चित्रपटाने १९६०च्या दशकात गुंडांच्या कर्तव्यनिष्ठेभोवती तेजोवलय उभारले. किंजी फुकासाकू याने १९७३पासून ते फाडून टाकले. कितानोला तर संतापण्याचीही गरज वाटत नाही. खंडणी नाकारणाऱ्या जुगारअड्ड्याच्या मालकाला यारीला टांगून पाण्यात बुडविले जाते आणि काठावरची माणसे निर्विकारपणे बोलत उभी राहतात. हिंसा येथे त्वेष नव्हे, नित्याचे कामकाज आहे. या व्यवसायात निष्ठा खालून वर जाते, नफाही वर जातो; वरून खाली येतो तो केवळ हुकूम. म्हणूनच हुकूम थांबलेल्या त्या किनाऱ्यावर ही माणसे प्रथमच माणसासारखी हसतात.

चित्रपटाची मर्यादाही येथेच आहे. १९४५ ते १९७२ अमेरिकेच्या अमलाखाली राहिलेल्या आणि जपानच्या भूमीचा जेमतेम ०.६ टक्के भाग असूनही तेथील अमेरिकी लष्करी तळांच्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के ओझे आजही वाहणाऱ्या ओकिनावाला या कथेत केवळ पार्श्वभूमीचे स्थान मिळते. तोक्योने आपले व्यवहार दूरच्या बेटावर निस्तरावेत, हा अन्याय कथेच्या ओघात येतो, पण तिचा विषय होत नाही. शेवटी मुराकावा सूड घेतो आणि स्वतःवर गोळी झाडतो. गादीवरचा माणूस पडतो. गादीला धक्का लागत नाही.

खेळात एकत्र आलेल्या त्या माणसांना एकत्रितपणे नकार देता येईल, हे कितानोला सुचत नाही. तरीही त्याने मांडलेला हिशेब नाकारता येणार नाही. संघटना कोणतीही असो, अगदी उदात्त ध्येयाची असो. ती कार्यकर्त्याकडून निष्ठा मागते, तेव्हा त्या निष्ठेचा जाब ती स्वतः कोणापुढे देते? हा प्रश्न विचारण्याची मुभा जेथे नसते, तेथे ध्येय आणि इलाखा यांतील अंतर फार काळ टिकत नाही.