घरचें आरोग्य : उन्हाळी कीं परमा ?

वैशाखांत अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला कीं वऱ्हाडांत घरोघरीं वाळा, सब्जा आणि धणे-जिऱ्याचें पाणी यांची तजवीज होते. अमरावती काय कीं अकोला काय, लघवीला जळजळ होऊं लागली म्हणजे ‘उन्हाळी लागली’ असें म्हणून मोकळें होण्याची आपणां सर्वांस संवय आहे. आणि पुष्कळ वेळां तें खरेंहि असतें. घाम फार जातो, लघवी थोडी व दाट होते, ती जळते. पाणी भरपूर पोटांत गेलें कीं एकदोन दिवसांत उतार पडतो. परंतु याच निरुपद्रवी नांवाच्या आडोशाला कधीं कधीं एक निराळा रोग दडून राहतो. त्याचें मराठी नांव परमा.

घरांत लहानथोर सर्वांच्या हातीं पडणाऱ्या मासिकांत हा विषय कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. आमचें उत्तर एवढेंच कीं, या रोगाचीं फळें घरालाच, आणि त्यांतहि निरपराध माणसांना, भोगावीं लागतात. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं मुंबईस ‘समाजस्वास्थ्य’ काढलें व अश्लीलतेचे खटले सोसून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तें चालविलें. त्यांचीं सारीं मतें सर्वांस पटावीं असें नाहीं. पण शरीराच्या रोगाची माहिती देणें हें पाप नव्हे, हा त्यांचा मुद्दा आज तरी वादाचा राहूं नये.

परम्याचा जंतु आल्बर्ट नायसर या जर्मन वैद्यानें १८७९ सालीं शोधला व त्याच्याच नांवावरून या जंतुकुलाला ‘नायसेरिया’ म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखालीं हे जंतु जोडीजोडीनें, कॉफीच्या दोन बिया एकमेकींस टेकवून ठेवाव्या तसे, पुवांतील पेशींच्या आंत दिसतात. या कुलांतील कित्येक जंतु निरोगी माणसाच्या घशांत कोणासहि उपद्रव न देतां राहतात. मेनिंगोकोकस हा यांचाच भाऊबंद. तोहि पुष्कळांच्या घशांत निमूट असतो, पण क्वचित् रक्तांत शिरून मेंदूच्या आवरणाला सूज आणतो आणि कांहीं तासांत जीव धोक्यांत घालतो. म्हणून तपासणीच्या कागदावर नुसतें ‘नायसेरिया’ वाचून कोणाच्या शीलाविषयीं तर्क बांधूं नये. जात कोणती, हें आधीं डॉक्टरांस विचारावें.

परम्याचा जंतु मोठा नाजूक. वाळला कीं मरतो. प्रयोगशाळेंत वाढवायचा तर तापवून चॉकलेटी झालेल्या रक्ताचें अन्न, कर्बवायु आणि शरीराइतकी ऊब त्याला द्यावी लागते. अर्थात् न्हाणीघर, शौचकूप किंवा घरची मोलकरीण यांच्या माथीं दोष मारण्यांत अर्थ नाहीं. मोठ्या माणसांत हा रोग शरीरसंबंधानेंच जातो.

पुरुषांत तो सहसा लपत नाहीं. संबंधानंतर बहुधा २ ते ७ दिवसांत लघवीला आग होते व पिवळसर पू येऊं लागतो. उन्हाळींत पू येत नाहीं, ही खूण तरुणांनीं पक्की ध्यानांत ठेवावी. स्त्रियांची गोष्ट निराळी. निम्म्याहून अधिक स्त्रियांत कांहींच लक्षण दिसत नाहीं. दिसलेंच तर थोडें अंगावरून पांढरें जाणें किंवा ओटीपोटांत दुखणें, आणि तें सांगण्याचा संकोच. इकडे जंतु गर्भाशयांतून बीजवाहिन्यांपर्यंत चढतो, तेथें सूज येते आणि ती ओसरतांना वाट बुजून जाते. मग मूल होत नाहीं, किंवा गर्भ भलत्या जागीं राहून प्राणावर बेततें.

आमच्या मतें खरा अन्याय येथें आहे. लग्नापूर्वीं वा नंतर पतीनें आणलेला रोग पत्नीच्या पोटांत मुकाट्यानें काम करतो, आणि वांझपणाचा डाग मात्र तिच्या कपाळीं लागतो. उपासतापास तिनें करावे, नवस तिनें बोलावे, ओटी भरतांना तिलाच बाजूस सारावें. मूल न होण्याचीं कारणें अनेक आहेत व सारींच या रोगाचीं नव्हेत. परंतु पतीची तपासणी झाल्याविना सुनेला बोल लावण्याचा अधिकार कोणत्याहि वडीलधाऱ्यास नाहीं.

दुसरें निरपराध माणूस म्हणजे तान्हें मूल. जन्मतांना आईचा संसर्ग डोळ्यांस लागला तर २ ते ५ दिवसांत पापण्या सुजतात, दाट पू येतो, आणि उपचारास विलंब झाला तर बुबुळाला क्षत पडून दृष्टि जाते. लाइपझिगच्या सूतिकागृहांत कार्ल क्रेडे यांनीं १८८० पासून नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्यास आरंभ केला, तेव्हां शेंकडा १० च्या आसपास असलेलें या विकाराचें प्रमाण १ च्याहि खालीं आलें. बाळंतपण अमरावतीच्या डफरीनमध्यें होवो कीं अकोल्याच्या लेडी हार्डिंगमध्यें, घरीं आल्यावर बाळाचे डोळे चिकटूं लागले तर काजळ किंवा अंगावरचें दूध घालीत न बसतां त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

हा रोग पूर्ण बरा होतो. मात्र तो औषधांनाहि शिकवून सोडतो. १९३७ च्या सुमारास आलेलीं सल्फाचीं औषधें थोड्याच वर्षांत निकामी ठरलीं. १९४३ पासून पेनिसिलिन आलें, पण १९७६ सालीं त्याला निष्प्रभ करणारे जंतु आढळले. आतां मुख्य भिस्त सेफ्ट्रिअॅक्सोन वर्गाच्या औषधांवर आहे. दुकानांतून चार गोळ्या आणून दोन खाणें म्हणजे जंतूला तालीम देणें होय. सरकारी जिल्हा रुग्णालयांतून या रोगांसाठीं ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत. तेथें तपासणी व औषध विनामूल्य मिळतें आणि नांव गुप्त राहतें. जावें तें पतिपत्नी दोघांनीं. एकानेंच औषध घेतलें तर दुसऱ्याकडून रोग परत येतो, आणि घरांतील दुःख जेथल्या तेथें राहतें.