नदीच्या जहाजात बसण्यापूर्वी

मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जहाजाने जाऊन आलेले कुटुंब नदीवरील सहलीचे माहितीपत्रक हाती घेते, तेव्हा घरातला पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : जहाजावर काय काय आहे? पोहण्याचा तलाव आहे का, मुलांसाठी खेळ आहेत का, रात्री गाण्याबजावण्याचे कार्यक्रम असतात का? नदीच्या बाबतीत यांतील बहुतेक प्रश्नांचे उत्तर नकारार्थी येते. आणि भाडे मात्र, दर माणशी दर दिवसाच्या हिशेबाने, समुद्री जहाजाहून सहसा चढे असते. व्यापारी घरात चर्चा येथेच थांबते. कमी सोयींसाठी अधिक पैसे कशासाठी मोजायचे, ही शंका रास्तच आहे. पण तिचे उत्तर जहाजात शोधून सापडत नाही. ते काठावर आहे.

समुद्रावर जहाज हेच गाव असते. २०२४ साली प्रवासास निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज सुमारे ३६५ मीटर लांब व वीस मजली असून त्यावर साडेसात हजारांहून अधिक प्रवासी राहू शकतात. चोहीकडे पाणीच असल्यामुळे माणसांचे मन रमवण्याची सगळी जबाबदारी जहाजाला उचलावी लागते. बाजारपेठ, नाट्यगृह, उपाहारगृहे आणि बहुतेक ठिकाणी जुगारघरही. बंदर आले तरी शहर जवळ असतेच असे नाही. रोम दाखवणारी जहाजे सिविताव्हेकिया बंदरात लागतात आणि तेथून रोम गाठण्यासाठी तासाभराहून अधिक प्रवास करावा लागतो. याउलट ऱ्हाइन नदीवरून कोलोनला पोहोचलेला प्रवासी जहाजातून उतरून काही मिनिटांत तेथील प्रसिद्ध चर्चसमोर उभा राहतो. जुनी गावे नदीच्या आधाराने वसली. त्यांचे चौक, वखारी आणि प्रार्थनास्थळे धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर असतात, ती त्यामुळेच.

नदीचे जहाज लहान असते, ते मालकाच्या काटकसरीमुळे नव्हे. युरोपातील नद्यांवर पाण्याची पातळी चढवण्या-उतरवण्यासाठी लॉक बांधलेले आहेत. म्हणजे दोन टोकांना दरवाजे असलेले लांबट हौदच. जहाज आत घ्यायचे, दरवाजा लावायचा, पाणी भरायचे किंवा सोडायचे आणि पुढचा दरवाजा उघडायचा. ऱ्हाइन आणि डॅन्यूब या नद्यांना मेन नदीमार्गे जोडणारा १७१ किलोमीटरचा कालवा १९९२ मध्ये पूर्ण झाला. त्यावरील लॉकची रुंदी १२ मीटर आहे. म्हणून तेथील जहाजे साडेअकरा मीटरांच्या आतबाहेर रुंद आणि बहुधा १३५ मीटरांपर्यंत लांब बांधली जातात. प्रवासी दोनशेच्या आतच मावतात. पूल ठेंगणे असले की वरचा उघडा मजला रिकामा करवतात आणि सुकाणूची खोलीसुद्धा यंत्राने खाली घेतात. एवढ्या अरुंद जहाजात आतल्या बाजूला, खिडकीविना खोली काढायला जागाच उरत नाही. प्रत्येक खोलीतून पाणी दिसते. मात्र गर्दीच्या धक्क्यावर दोन-तीन जहाजे एकमेकांना चिकटून उभी करण्याची रीत आहे. त्या रात्री खिडकीतून नदीऐवजी शेजारच्या जहाजातले बिऱ्हाड दिसते, हेही आधी ठाऊक असलेले बरे.

नदीचा पहिला अनुभव घेण्यासाठी युरोपातच गेले पाहिजे असे मात्र नाही. जैन व्यापारी कुटुंबाला तर बंगालमधील हुगळी अधिक जवळची वाटावी. कोलकात्याहून निघणारी वीस-पंचवीस खोल्यांची जहाजे गंगेच्या या फाट्याने वर मुर्शिदाबादकडे आणि पुढे फराक्क्याकडे जातात. वरच्या भागात याच प्रवाहाला भागीरथी म्हणतात. वाटेत श्रीरामपूर लागते, तेथे डॅनिश लोकांची वसाहत होती. चंदननगर फ्रेंचांचे, चुंचुडा डचांचे, बंडेल पोर्तुगीजांचे. मोटारीने तास-दीड तासात ओलांडता येईल एवढ्याशा काठावर युरोपातल्या इतक्या राष्ट्रांनी दुकाने थाटली होती, आणि ती सगळी बंगालच्या कापडासाठी व रेशमासाठी. पुस्तकात वाचलेला हा इतिहास नदीतून पाहताना वेगळाच उलगडतो, कारण माल ज्या बाजूने येत होता त्याच बाजूने प्रवासी येत असतो. पुढे कालना येथे १८०९ मध्ये बांधलेली १०८ शिवमंदिरे दोन वर्तुळांत उभी आहेत. मटियारी गावात पितळेची भांडी ठोकणाऱ्यांची घरे आहेत. तेथे ना मोठे बंदर ना नाट्यगृह. जहाज नदीत थांबते आणि प्रवासी चालत गावात शिरतात.

त्यापुढचा टप्पा आपल्या समाजाच्या विशेष आस्थेचा. अठराव्या शतकाच्या आरंभी मुर्शिदाबाद बंगालच्या सुभ्याचे केंद्र झाले आणि राजस्थानातून आलेल्या ओसवाल जैन सावकारांचे नशीब या नदीकाठी उजळले. नागौरहून निघालेल्या हिरानंद साह यांचे घराणे पाटण्यास स्थिरावले. त्यांचे पुत्र माणिकचंद ढाक्याहून मुर्शिदाबादेस आले. माणिकचंदांचे वारस फतेहचंद यांना मुघल दरबाराने ‘जगत सेठ’ हा किताब दिला. सुभ्याचा महसूल त्यांच्या हुंड्यांवरून दिल्लीस जात असे आणि युरोपीय कंपन्याही त्यांच्याकडून कर्ज घेत. १७५७ च्या प्लासीच्या कटात या पेढीचा हात होता. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत नवाब मीर कासिमने पेढीच्या प्रमुखाला, महताबराय यांना, ठार केले. राजकारणात अडकवलेले भांडवल कसे बुडते याचा यापेक्षा ठळक दाखला आपल्या इतिहासात शोधावा लागेल.

पेढी खचली, पण समाज तेथेच राहिला. भागीरथीच्या पूर्वकाठी जियागंज आणि पश्चिमकाठी अझीमगंज ही दोन गावे ‘शहरवाली’ जैनांची म्हणून ओळखली जातात. कोठ्या, उद्याने आणि अनेक जिनमंदिरे आजही तेथे आहेत. कठगोला येथील उद्यानात आदिनाथांचे मंदिर आहे. पालीताण्याच्या तळेटीशी ‘बाबूचे देरासर’ म्हणून परिचित असलेली धनवसही ज्यांनी बांधली, ते बाबू धनपतसिंह दुगड याच मुर्शिदाबाद परिसरातले. एकोणिसाव्या शतकात आगमग्रंथ छापून काढण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले होते. शत्रुंजय चढण्यापूर्वी त्या देरासरात हात जोडणाऱ्या किती यात्रेकरूंना या नदीकाठाची आठवण होत असेल? शहरवाली स्वयंपाकही पाहण्याजोगा आहे. राजस्थानी शिस्त, बंगालचा भाजीपाला आणि नवाबी केशर-गुलाबपाणी यांचा तो शाकाहारी संगम. शिंगाड्याचे समोसे तेथले प्रसिद्ध.

मात्र सहलीच्या ठरीव कार्यक्रमात या मंदिरांना हमखास स्थान असते असे गृहीत धरू नये. जहाजावरचा वाटाड्या हजारदुआरी राजवाडा आणि कटरा मशीद आवर्जून दाखवतो. हजारदुआरी शुक्रवारी बंद असते हेही तो सांगतो. पण पूजेची वेळ, पूजेची वस्त्रे, दर्शनाला लागणारा अर्धा-पाऊण तास या गोष्टी त्याच्या हिशेबात नसतात. येथेच नदीच्या जहाजाचा लहानपणा कामी येतो. दोन हजार प्रवाशांच्या जहाजाचे वेळापत्रक एका कुटुंबासाठी हलत नाही. चाळीस प्रवाशांच्या जहाजावर दहा-बारा जणांचा गट पुरेसा आधी बोलला, तर सकाळचा एक तास सहज मिळू शकतो.

भोजनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मोठ्या समुद्री जहाजावर अनेक उपाहारगृहे असतात. कोठे ना कोठे दिवसभर ताटे मांडलेली असतात आणि मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर जैन भोजनाची स्वतंत्र व्यवस्थाही मिळते. सूर्यास्तापूर्वी जेवणारे आजी-आजोबा आपल्या वेळेला जाऊन जेवून येतात, कोणाला विचारावे लागत नाही. नदीच्या जहाजावर भटारखाना एकच, भोजनगृह एकच आणि घंटा एकच. रात्रीचे जेवण साधारण सात-साडेसातला सर्वांना एकत्र. त्यातच बंगालचा सूर्य घड्याळाच्या मानाने फार लवकर मावळतो. डिसेंबरात मुंबईत सहा वाजून गेल्यावर सूर्यास्त होतो, तर कोलकात्यात पाचच्या सुमारासच. दुपारची गावफेरी बहुधा साडेतीनला निघून पाचनंतर परतते. चौविहार करणाऱ्याने हे आधी पाहिले नाही, तर पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात : गावफेरी सोडायची किंवा उपाशी झोपायचे. नवकारसीची अडचण त्या मानाने नाही. हिवाळ्यात सूर्योदय सहानंतर होतो आणि न्याहारी सातच्या पुढे मिळते.

युरोपात हा हिशेब ऋतूप्रमाणे पूर्ण उलटतो. जूनमध्ये ऱ्हाइनकाठी सूर्य रात्री साडेनवाच्या पुढे मावळतो. जहाजाचे सातचे जेवण चौविहारात निर्धास्त बसते. नाताळच्या बाजारांसाठी डिसेंबरात निघणाऱ्या सहलींत मात्र साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. तिकीट काढण्यापूर्वी त्या तारखेचा, त्या गावाचा सूर्यास्त पाहून ठेवावा. दोन मिनिटांचे काम आहे.

कंपनीला नुसते ‘जैन जेवण’ कळवून भागत नाही. परदेशी आचाऱ्याला शाकाहार समजतो. बटाटा का चालत नाही हे समजत नाही. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, आले अशी नावानिशी यादी द्यावी. सूपाचा मूळ रस कशाचा, पावात व मिठाईत अंडे आहे का, कढई वेगळी ठेवता येईल का, उकळलेले पाणी किती वाजता मिळेल, हेही लेखी विचारावे. एकाच लहान भटारखान्यात मासे शिजणार, ही हुगळीवरची वस्तुस्थिती आहे. ज्यांना तेवढेही चालत नाही, त्यांनी पूर्ण जहाज समाजाच्या गटासाठी ठरवावे किंवा हा प्रवास करू नये. निघाल्यावर तक्रार करून भटारखाना बदलत नाही.

गुडघ्यांचा विचारही हवा. नदीत जहाज डोलत नाही, त्यामुळे समुद्रात उलट्यांनी हैराण होणाऱ्यांना येथे आराम पडतो. माहितीपत्रके हे मोठ्या अक्षरांत सांगतात. ती हे सांगत नाहीत की हुगळीवर बहुतेक गावांना धक्काच नाही. जहाजातून छोट्या होडीत उतरायचे, होडीतून फळीवरून काठावर जायचे आणि मग चिखलाची चढण किंवा घाटाच्या पायऱ्या. लहान जहाजांत लिफ्टही बहुधा नसते. चाकाच्या खुर्चीवरील माणसासाठी समुद्री जहाजच उत्तम. दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही तेच आवडेल, हे मान्य करायला हरकत नाही. तिसऱ्या दिवशी चौथे मंदिर पाहताना ती कंटाळणारच.

आणि शेवटी करारपत्र. समुद्राला पाणी कमी पडत नाही, नदीला पडते. २०१८ आणि २०२२ च्या कोरड्या उन्हाळ्यांत ऱ्हाइनचे पाणी इतके उतरले की अनेक प्रवाशांना मधला टप्पा बसने पार करावा लागला. पाणी फार चढले तर पुलाखालून जहाज जात नाही, तेव्हाही बसच. हुगळीवर वाळूचे बांध सरकतात आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळचे धुके जहाजाला तासन्‌तास अडवते. अशा बदलाचा हक्क कंपन्या करारात स्वतःकडे राखून ठेवतात आणि त्यापोटी पैसे परत मिळतीलच असे नाही. मालाच्या व्यवहारात एकेक कलम वाचणारा व्यापारी सहलीच्या करारावर मात्र न वाचता सही करतो, हे नवल आहे.

हुगळीचा मुख्य हंगाम ऑक्टोबर ते मार्च. चातुर्मास कार्तिकी पौर्णिमेला संपतो, शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते, साधू-साध्वींचा विहार सुरू होतो. त्याच सुमारास बंगालची हवा कोरडी व सुखद झालेली असते. जहाजाचे भाडे ज्यांना जड वाटेल त्यांनाही हा काठ बंद नाही. अझीमगंज हे रेल्वेचे जंक्शन आहे आणि हावड्याहून तेथे गाड्या जातात. सियालदहहून गेल्यास गाडी थेट जियागंजला नेते. दोन्ही गावांच्या मध्ये भागीरथी आहे आणि ती ओलांडायला होड्या आहेत. सकाळी एका काठावरच्या मंदिरात पूजा करून, होडीने पलीकडे जाऊन, पाचच्या आत जेवून परतता येते.