पिशवी ‘साफ’ झाली, पण पाळी कुठे गेली?

गर्भपात अर्धवट राहिला म्हणून पिशवी साफ केली. बाई घरी आली. पुढची पाळी एकच दिवस, नुसते डाग पडण्यापुरती आली. नंतर तीही थांबली. घरचे म्हणतात, अशक्तपणा असेल. दवाखान्यात पाळी येण्याच्या गोळ्या मिळतात. वर्ष-दोन वर्षे जातात, दिवस राहत नाहीत. मग गर्भाशयात दुर्बीण घातल्यावर कळते, की आतल्या भिंती एकमेकींना चिकटल्या आहेत.

या विकाराला ‘अ‍ॅशरमन सिंड्रोम’ म्हणतात. जोसेफ अ‍ॅशरमन या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. गर्भाशयाचे अस्तर दर महिन्याला गळते आणि खालच्या थरातून पुन्हा उगवते. क्युरेटिंग करताना हा खालचा थरच खरवडला गेला, तर तिथे व्रण धरतो आणि भिंती जुळून येतात. अंडाशयाचे काम नीट चालू असते, म्हणून रक्तातल्या हार्मोनच्या चाचण्या बहुधा ठीक येतात. साध्या सोनोग्राफीतही हे अनेकदा दिसत नाही. काहींना पाळीच्या दिवसांत पोटात कळा येतात, पण रक्त बाहेर पडत नाही. बाळंतपणात वार अडकल्यामुळे पिशवी साफ केली असेल, तर ‘अंगावर पाजते म्हणून पाळी लांबली’ या समजुतीत आणखी काळ जातो.

आपल्याकडे याचे दुसरे महत्त्वाचे कारण म्हणजे गर्भाशयाचा क्षयरोग. खोकला नाही, ताप नाही. पाळी मात्र कमी होत जाते. अशा वेळी आधी क्षयाची औषधे पूर्ण घ्यावी लागतात.

उपचार आहेत. दुर्बिणीतून पाहत चिकटलेला भाग सोडवतात, अस्तर वाढावे म्हणून इस्ट्रोजेन देतात, भिंती पुन्हा जुळू नयेत म्हणून काही दिवस आत फुगा किंवा तांबीसारखे साधन ठेवतात. जखडण थोडी असेल तर पाळी बरेचदा पूर्ववत होते. ती जास्त असेल तर पुन्हा चिकटण्याचा धोका राहतो. नंतर दिवस राहिले तरी वार गर्भाशयात खोल रुतण्याची भीती असते. म्हणून बाळंतपण सुसज्ज रुग्णालयातच व्हावे.

यातला बराच त्रास टाळता येण्यासारखा आहे. धारदार क्युरेटने खरवडण्याऐवजी सक्शन किंवा गोळ्या वापराव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही ‘एकदा धुऊन टाकू’ ही सवय सुटलेली नाही. जोराचा रक्तस्राव होत असेल तर पिशवी रिकामी करणे जीव वाचवणारे असते. तिथे टाळाटाळ नको. पण काय केले, कशाने केले आणि पुढे कशावर लक्ष ठेवायचे, हे त्या बाईला सांगायला किती वेळ लागतो? ‘सहा ते आठ आठवड्यांत पाळी आली नाही किंवा फारच कमी आली, तर परत या,’ एवढी एक ओळ डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहिलेली असावी. आणि बाईनेही पाळी कमी झाली म्हणून सुटकेचा श्वास सोडू नये. पिशवी साफ केल्याचे नव्या डॉक्टरला आवर्जून सांगावे. तपासाची दिशा तिथूनच ठरते.